थकव्याची दाबलेली बातमी

चहा-कॉफीवर आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन होते. पहिल्या प्रकारात फायदे मोजले जातात: यकृताला चांगली, मधुमेह लांब ठेवणारी, आयुष्य वाढवणारी. दुसऱ्यात तोटे मोजले जातात: पित्त होते, भूक मरते, साखर पोटात जाते. दोन्हींचा शेवट एकाच सल्ल्याने होतो, की दिवसाला एवढे कप चालतील, त्यापुढे नकोत. वाचणारा आपले कप मोजतो, एखादा कमी करायचे ठरवतो आणि विषय तिथेच मिटतो. मला हा सगळा वाद वरवरचा वाटतो. दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच धरून चालतात: चहा-कॉफीतल्या कॅफीनमधून शरीराला काहीतरी मिळते. कोणी त्याला शक्ती म्हणतो, कोणी तरतरी, कोणी मेंदूला चालना.

माझे म्हणणे असे आहे. कॅफीन शरीराला शक्ती देत नाही. शरीर थकल्याची जी बातमी मेंदूत पोहोचायची, ती ते काही तास अडवून धरते. त्याचे बहुतेक परिणाम, हवेसे आणि नकोसे दोन्ही, या एकाच कृतीतून निघतात. हे मान्य केले की ‘किती कप’ हा प्रश्न मागे पडतो. आधी विचारावा लागतो तो झोपेचा प्रश्न, आणि ती झोप कोणत्या कामासाठी, कोणाच्या सोयीसाठी कमी झाली हा प्रश्न. पुढचे सगळे विवेचन या विधानाच्या समर्थनार्थ आहे.

आधी झालेले वाद

महाराष्ट्राने चहावर पूर्वी भरपूर वाद घातला आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली नामवंत मंडळी गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या प्रश्नावर पुणे कित्येक महिने ढवळून निघाले. एवढ्या मोठ्या वादात चहात काय असते हे कोणीही विचारले नाही. वाद होता तो चहा कोणाच्या हातचा, यावर.

पुढे १९४२ साली याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. चहा, कॉफी आणि कोको यांचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. यांतल्या कशाचीही शरीराला गरज नाही असे त्यांचे मत होते आणि चहावरचा त्यांचा मुख्य आक्षेप टॅनिनवर होता. निदान पेल्यातल्या पदार्थाकडे त्यांनी पाहिले, हे मोठेच पाऊल होते. त्यांच्या आक्षेपात किती तथ्य होते ते पुढे येईलच. आजचा वाद साखर, दूध आणि कपांची संख्या यांच्याभोवती फिरतो. शिवाशीव, टॅनिन, साखर असे विषय बदलत गेले, पण ज्या रेणूसाठी आपण रोज उठल्याबरोबर गॅसवर पातेले ठेवतो, तो रेणू डोक्यात जाऊन नेमके काय करतो, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत कधी मध्यावर आलाच नाही.

पहिला टप्पा : दिवसभर साठणारे अडेनोसिन

हा रेणू सापडला तो १८१९ साली. फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कवी ग्योथेने कॉफीच्या बिया देऊन त्यांचे पृथक्करण करायला सुचवले आणि रुंगेने त्यातून शुद्ध कॅफीन वेगळे काढले. काही वर्षांनी चहातूनही असाच एक पदार्थ मिळाला. त्याला वेगळे नाव दिले गेले, पण १८३८ पर्यंत दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले. १८९५ मध्ये एमिल फिशरने तो प्रयोगशाळेत तयार केला. म्हणजे कॅफीनची रचना जगाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. त्याचे मेंदूतले काम मात्र समजले ते अगदी अलीकडे, कारण त्यासाठी आधी अडेनोसिन समजावे लागले.

पेशींचे सगळे काम एटीपी नावाच्या रेणूवर चालते. तो खर्च होत जातो तसे अडेनोसिन मागे उरते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीत असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्यामुळे आपण जितका वेळ जागे, तितके मेंदूच्या काही भागांत अडेनोसिन वाढत जाते. १९९७ साली हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी मांजरांना सहा तास जागे ठेवून त्यांच्या मेंदूच्या तळाच्या पुढच्या भागातले अडेनोसिन सतत मोजले. जागरणात ते चढत गेले आणि झोप मिळाल्यावर हळूहळू उतरले.

हे अडेनोसिन नुसता उरलेला कचरा नव्हे. चेतापेशींच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागा, असतात. त्यातले ‘ए-१’ आणि ‘ए-२ए’ हे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. अडेनोसिन त्यांना जाऊन चिकटले की जागे ठेवणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि झोपेची यंत्रणा पुढे सरकते. दुपारी जेवणानंतरची पेंग, रात्री वाचताना जड होणाऱ्या पापण्या, एकच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात न शिरणे, या सगळ्यांमागे इतर कारणांबरोबर हा संदेश असतो. थकव्याला आपण दुबळेपणा समजतो. शरीराच्या दृष्टीने ती मोजमाप करून दिलेली माहिती असते: एवढे काम झाले, आता दुरुस्तीची वेळ झाली.

दुसरा टप्पा : संदेश अडतो, थकवा राहतो

कॅफीनच्या रेणूचा आकार अडेनोसिनच्या एका भागाशी इतका जुळतो की ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते. बसते, पण रिसेप्टरला कामाला लावत नाही. जागा अडवणे एवढेच त्याचे काम. बाहेर अडेनोसिन तेवढेच असते, किंबहुना जागरण चालू असल्याने वाढतच असते. फक्त त्याला चिकटायला जागा मिळत नाही. पेट्रोलचा काटा बोटाने वर धरून ठेवला म्हणून टाकीत पेट्रोल येत नाही, तसाच हा प्रकार.

पूर्वीच्या पुस्तकांत कॅफीनच्या परिणामाची दुसरीही स्पष्टीकरणे सापडतात, पेशींमधले काही एन्झाइम ते रोखते वगैरे. ती चूक नाहीत, पण त्यासाठी रक्तात जेवढे कॅफीन लागते तेवढे चार-पाच कपांनी होत नाही. आपल्या रोजच्या मात्रेत जे घडते ते मुख्यतः अडेनोसिनच्या रिसेप्टरवरच घडते. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २००५ साली ओसाकातल्या प्रयोगशाळेतून आला. जनुकीय फेरफार करून ‘ए-२ए’ रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना कॅफीन दिले. त्यांच्या झोपेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ‘ए-१’ नसलेले उंदीर मात्र कॅफीनने नेहमीसारखे जागे झाले. कॅफीन जर स्वतः काही शक्ती पुरवत असते, तर एक रिसेप्टर काढून घेतल्याने ते असे निष्प्रभ झाले नसते.

मग मन प्रसन्न होते, उत्साह वाटतो, तो कशाने? ‘ए-२ए’ रिसेप्टर मेंदूच्या ज्या भागात दाटीने असतात, तिथे ते डोपामिनच्या रिसेप्टरना लगटून असतात आणि अडेनोसिन डोपामिनच्या कामाला लगाम घालत असते. कॅफीन तो लगाम सैल करते. छातीत धडधड आणि हाताला कंप, हे मात्रा जास्त झाली की वाढणाऱ्या ॲड्रेनलिनचे काम. इथेही बाहेरून आत काही आलेले नाही. शरीराने स्वतःवर ठेवलेला आवर तेवढा दूर झालेला आहे.

या टप्प्यावरचा खरा कस असा, की कॅफीन घेतल्यावर थकलेल्या मेंदूचे कोणते काम सुधारते आणि कोणते सुधारत नाही? कंटाळवाण्या कामात लक्ष टिकवणे, दिवा लागताच बटण दाबणे, अशा साध्या सतर्कतेत सुधारणा स्पष्ट दिसते. पण २०२१ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी रात्रभर जागवलेल्या माणसांना आणखी एक काम दिले: अनेक पायऱ्यांची प्रक्रिया ठरलेल्या क्रमाने करायची, मधे अडथळा आला तर आपण कुठे होतो ते लक्षात ठेवून तिथूनच पुढे जायचे. कॅफीनने डोळे उघडे राहिले, सतर्कता वाढली, पण या क्रमातल्या चुकांवर बहुतेकांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. औषधांची यादी तपासणारी परिचारिका, रात्री हिशेब जुळवणारा लेखापाल, शस्त्रक्रियेत मदत करणारा निवासी डॉक्टर यांचे काम या दुसऱ्या प्रकारचे असते. आपण जागे आहोत या जाणिवेवरून आपण शुद्धीवर विचार करत आहोत असा निष्कर्ष ते काढतात. मला या विषयातली सर्वांत मोठी धोक्याची जागा हीच वाटते. अपुऱ्या झोपेत माणूस चुका करतो, आणि त्या चुकांची शंका ज्या मरगळीमुळे आली असती ती मरगळही आता त्याला जाणवत नाही.

तिसरा टप्पा : सकाळचा पहिला कप काय भरून काढतो

‘चहा घेतल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही’ हे वाक्य चहाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून सांगितले जाते. त्याचा अर्थ नेमका उलट आहे.

रिसेप्टर रोज अडवले जाऊ लागले की मेंदू त्यावर उपाय करतो, अडेनोसिनबद्दलची आपली संवेदनशीलता वाढवतो. आता त्याच अडेनोसिनचा परिणाम आधीपेक्षा तीव्र होतो. रात्रभर कॅफीन पोटात गेलेले नसते, सकाळपर्यंत बरेचसे शरीरातून निघून गेलेले असते, आणि ही वाढलेली संवेदनशीलता उघडी पडते. अंग जड, डोके सुन्न, चिडचिड. पहिला कप ही अवस्था दूर करतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१० च्या प्रयोगात हा हिशेब मांडून पाहिला गेला. नियमित कॅफीन घेणारे आणि जवळजवळ न घेणारे अशा दोन्ही गटांना सोळा तास कॅफीनपासून दूर ठेवले आणि मग काहींना कॅफीन, काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. नियमित घेणाऱ्यांना कॅफीन मिळाले तेव्हा त्यांची सतर्कता वाढली, पण वाढून ती पोहोचली कुठे, तर कॅफीन न घेणारी माणसे निर्गुण गोळीवर जिथे होती तिथपर्यंतच. त्यांच्यापुढे गेली नाही. म्हणजे ज्याला आपण रोजची तरतरी म्हणतो, तिचा मोठा वाटा कालच्या कपाने केलेली तूट आजच्या कपाने भरण्यात जातो.

कॅफीन तुटल्याचे लक्षण म्हणजे डोकेदुखी. कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसवते. ते बंद झाले की त्या फुगतात आणि डोके ठणकू लागते. शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत हे सुरू होते, दुसऱ्या दिवशी कळस गाठते आणि कधीकधी आठवडाभर रेंगाळते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून ही स्वतंत्र अवस्था म्हणून नोंदलेली आहे. आपल्या घरांत ती सर्रास दिसते, पण तिचे नाव वेगळे असते. हरितालिकेला किंवा एकादशीला कडक निर्जळी उपास केला आणि दुपारनंतर डोके उठले, की ‘उपाशी राहिल्याने पित्त झाले’ असे म्हटले जाते. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर ज्यांचा चहा चालू असतो त्यांचे डोके तितके उठत नाही, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उपाशी ठेवतात, त्यानंतरच्या डोकेदुखीतही हे एक नोंदलेले कारण आहे. सकाळचा चहा चुकला हे रुग्ण सांगत नाही आणि त्याला कोणी विचारत नाही. डोकेदुखीवरच्या अनेक गोळ्यांत कॅफीन असते; वेदनाशामकाचा परिणाम त्याने थोडा वाढतो हे खरे, पण ज्याचे डोके कॅफीन तुटल्यामुळेच दुखते आहे त्याला ती गोळी दुहेरी लागू पडते आणि खरे कारण आणखी लपते.

चौथा टप्पा : संध्याकाळचा कप रात्री कुठे असतो

पोटात गेलेले कॅफीन जवळजवळ सगळेच्या सगळे पाऊण तासात रक्तात उतरते. ते बाहेर पडायला मात्र बराच वेळ लागतो. निरोगी प्रौढ माणसात निम्मे कॅफीन नाहीसे व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटताना घेतलेल्या कपात ८० मिलिग्रॅम असतील, तर रात्री अकराला त्यातले ४० अजून अंगात असतात. हा जवळजवळ एक कप चहाच. पाठ टेकताना चहा प्यायला आपण तयार होणार नाही, पण परिणामाने तेच होते.

ही सरासरी आहे आणि सरासरीने फसायला होते. कॅफीनचे विघटन यकृतातले एक एन्झाइम करते. सिगारेट ओढणाऱ्यांत ते वेगाने चालते, त्यामुळे निम्म्या वेळात काम होते. सिगारेट सोडली की तेवढ्याच चहाचा परिणाम अचानक दुप्पट जाणवतो, आणि ती बेचैनी सिगारेट सोडल्याचीच समजली जाते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीमध्ये हा वेळ सुमारे दुप्पट होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे सर्रास लिहून दिले जाणारे प्रतिजैविकही हे एन्झाइम रोखते. एकाच घरात, एकाच पातेल्यातला चहा प्यायलेले नवरा-बायको रात्री वेगवेगळ्या अवस्थेत असतात, आणि बायकोला झोप येत नाही याचे कारण ‘ती विचार फार करते’ असे ठरवले जाते.

झ्युरिकमध्ये १९९५ साली झालेला प्रयोग या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. सकाळी सातच्या सुमारास २०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, दिवसभर पुन्हा काही नाही, आणि रात्री मेंदूचा विद्युत् आलेख काढला. सोळा तासांनंतरही झोपेत मोजता येईल असा फरक होता. फरक लहान होता, पण होता. आपल्याकडे चमचाभर पावडर टाकून उकळलेल्या एका कपात ४० ते ५० मिलिग्रॅम धरले, तर दिवसात पाच-सहा वेळा चहा होणाऱ्या घरात कॅफीनपासून पूर्ण मोकळी अशी वेळ जवळपास नसतेच.

यातून जे चक्र तयार होते ते साधे आहे. गाढ झोप थोडी कमी, सकाळी थकवा थोडा जास्त, म्हणून एक कप जास्त, म्हणून पुन्हा गाढ झोप थोडी कमी. हे चक्र इतके हळू फिरते की त्यात अडकलेल्या माणसाला आपला थकवा वयाचा, कामाचा किंवा स्वभावाचा वाटतो.

आक्षेप आणि उत्तरे

‘रात्री दहाला चहा पिऊनही मला गाढ झोप लागते.’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. झोप लागणे आणि झोप खोल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप यंत्राच्या मोजणीनुसार तासाहून अधिक कमी झाली. त्यांनी स्वतः भरलेल्या नोंदींत मात्र हा फरक ठळकपणे उमटला नाही. ज्याची झोप गेली त्यालाच ते कळले नव्हते. काही माणसांत एन्झाइम जन्मतः जलद असते, रिसेप्टरची घडणही थोडी वेगळी असते. त्यांना खरोखर कमी त्रास होतो. पण आपण त्यांच्यापैकी आहोत हे स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येत नाही, कारण बिघडलेली मोजपट्टी तीच असते.

‘कॉफी पिणारे जास्त जगतात असे संशोधन सांगते.’ मोठ्या लोकसमूहांच्या पाहण्यांत असा संबंध दिसतो, विशेषतः टाइप-२ मधुमेहाबाबत. परंतु कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीतही तो दिसतो. म्हणजे हा फायदा असलाच तर कॉफीतल्या इतर शेकडो द्रव्यांचा असावा, कॅफीनचा नव्हे. शिवाय आजारी माणसे कॉफी कमी करतात, त्यामुळेही पिणारे निरोगी दिसतात. एक अपवाद मला मोकळेपणाने मान्य करायचा आहे. पार्किन्सन्सचा धोका कॅफीन घेणाऱ्यांत कमी आढळतो आणि कॅफीनविरहित कॉफीत तो संबंध दिसत नाही. ‘ए-२ए’ रिसेप्टर अडवणारे इस्ट्राडेफिलिन हे औषध या रोगासाठी जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मंजूरही झाले. अडेनोसिनचा लगाम सैल करणे कधी उपकारकही ठरते, हे त्यातून दिसते. माझ्या विधानाला त्याने बाधा येत नाही. कृती तीच आहे, गरज वेगळी आहे.

‘खेळाडूंची कामगिरी कॅफीनने खरोखर वाढते.’ वाढते, यात शंका नाही. २००४ पर्यंत ते मर्यादेबाहेर घेण्यावर बंदीही होती. पण लांब पल्ल्याच्या खेळांत त्याचा मोठा भाग असा, की तेवढेच कष्ट कमी वाटतात. राखीव ताकद अंगात होतीच, तिच्यावरचा पहारा सैल झाला. शर्यतीच्या दिवशी, एकदा, विश्रांती घेतलेल्या शरीरावर हे करणे मला समजते. ते रोज, अपुऱ्या झोपेवर करणे ही वेगळी गोष्ट झाली.

‘नवजात बाळांनाही कॅफीन देतात, मग ते वाईट कसे?’ मी ते वाईट म्हणतच नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मधेच थांबतो, कारण त्यांचे श्वसनकेंद्र अपरिपक्व असते आणि अडेनोसिन ते आणखी मंद करते. कॅफीन ते रोखते. कॅनडातून चालवल्या गेलेल्या आणि २००६ पासून निष्कर्ष येत गेलेल्या मोठ्या चाचणीनंतर हे औषध जगभरच्या नवजात अतिदक्षता विभागांत पक्के रुजले. पण तिथे ते बाळाच्या वजनावर मिलिग्रॅममध्ये मोजून, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून दिले जाते. त्याच्याकडे औषध म्हणून पाहिले जाते, म्हणून ते कामाला येते. आपणही ते औषधच आहे असे मानावे, एवढाच माझा आग्रह.

‘गरिबाचा एकुलता एक विरंगुळा तेवढा राहिला आहे, तोही काढून घेणार का?’ या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो. घरी आलेल्याला चहा विचारणे, टपरीवर दोन घटका उभे राहणे, कामाच्या मधे हात थांबवणे याचे मोल रसायनशास्त्रात मोजता येत नाही. पण त्या पेल्यातली खरी शक्ती कोणाची आहे ते पाहू. दोन चमचे साखरेतून साधारण चाळीस कॅलरी येतात, थोड्या दुधातून येतात. कॅफीनमधून एकही नाही. भल्या पहाटे उसाच्या फडात जाणारी बाई बिनसाखरेचा कोरा चहा पिऊन जाते तेव्हा तिच्या शरीराला काम करण्याइतके काहीच मिळालेले नसते. भूक मात्र थोडी दबलेली असते, आणि थकव्याची जाणीवही. शिवाय गांधीजींचा आक्षेप इथे खरा ठरतो. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये भाकरी-भाजीतल्या लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून जेवणाबरोबर चहा घेणे अंगाला महागात पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण ही एक भर टाळता येण्याजोगी आहे. या बाईचा चहा काढून घ्या असे मी म्हणत नाही. तो भाकरीची जागा घेतो आहे, याकडे पाहा असे म्हणतो.

शेवटचा टप्पा : जागरण कोणासाठी

वरचे सगळे बरोबर असेल, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. थकव्याची बातमी दाबली गेल्याने फायदा कोणाचा होतो?

भारतात चहाची सवय आपोआप लागलेली नाही. परदेशी बाजार अपुरा पडू लागल्यावर चहा-उत्पादकांच्या समितीने पहिल्या महायुद्धाच्या काळापासून देशातल्या माणसाला चहा शिकवण्याची मोहीम चालवली. रेल्वे स्टेशनांवर स्टॉल लागले, बाजारांतून चहाची प्रात्यक्षिके झाली. कापडगिरण्या, कारखाने आणि कोळशाच्या खाणी यांच्या मालकांना पटवण्यात आले की मजुरांना चहाची सुट्टी आणि चहा दिला तर काम चांगले होते. पुढे स्वस्त, दाणेदार सीटीसी पावडरीने चहा प्रत्येक झोपडीत पोहोचला. या इतिहासात मला कोणाचे कारस्थान शोधायचे नाही. एक सोय त्यात स्पष्ट दिसते, तेवढी नोंदवायची आहे: यंत्राच्या वेळापत्रकाला शरीराचे वेळापत्रक जुळत नव्हते, आणि ते जुळवण्याचे स्वस्त साधन मिळाले. चहाची सुट्टी ही मजुराला मिळालेली विश्रांती होती हे खरे, आणि त्या विश्रांतीत जे दिले गेले ते त्याला आणखी काही तास विश्रांतीवाचून चालवणारे होते हेही तितकेच खरे.

आज हीच रचना वेगळ्या रूपांत उभी आहे. पुण्यात पेठांतल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात आणि त्यांच्या आसपास चहाची दुकानेही उशिरापर्यंत चालतात. स्पर्धा परीक्षेची मुले मध्यरात्रीपर्यंत चहावर वाचतात. वाचलेले पक्के होण्यात गाढ झोपेचा मोठा वाटा असतो, आणि नेमकी तीच झोप कॅफीन पातळ करते. म्हणजे जास्तीचे वाचलेले तास हाताशी राहतील याची शाश्वती कमी होते. या मुलांना ‘चहा कमी करा’ सांगणे सोपे आहे. हजार जागांसाठी लाखो अर्ज येतात आणि भरतीच्या तारखा वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या जातात, त्या व्यवस्थेने त्यांची झोप घेतली आहे, हे सांगणे अवघड आहे. सरकारी रुग्णालयात सलग चोवीस-छत्तीस तास ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरांबाबतही तेच. त्यांच्या हातातला कॉफीचा कप कष्टाळूपणाचे प्रतीक म्हणून कौतुकाने दाखवला जातो. मला तो ड्युटीच्या तक्त्यातला दोष झाकणारा वाटतो.

ऊर्जापेयांचा व्यापार तर कॅफीन शक्ती देते या गैरसमजावरच उभा आहे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा घातली आहे, आणि मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी ते नसल्याचे लेबलवर लिहिणे बंधनकारक केले आहे. पण ते वाक्य बारीक अक्षरांत असते आणि पंधरा वर्षांचा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा घेतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. त्या डब्यात ऊर्जा असते ती साखरेची. बाकीचे काम कॅफीन नेहमीसारखेच करते.

कॅफीनचा प्रामाणिक उपयोग कसा असू शकतो, याचा एक चांगला नमुना रस्त्यावरच्या संशोधनात सापडतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात पेंगुळलेल्या चालकांवर प्रयोग झाले. सर्वांत जास्त फायदा दिसला तो कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटांची डुलकी घेण्यात. कारण उघड आहे. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला वीसेक मिनिटे लागतात; तेवढ्यात झोपेने थोडे अडेनोसिन खरोखर कमी होते, आणि मग उरलेल्याला कॅफीन अडवते. कॅफीन झोपेच्या सोबत आले की त्याचा उपयोग होतो. झोपेऐवजी आले की चाकावरचा माणूस जागा दिसतो, एवढेच.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, सरळ आहे आणि रात्री तो ट्रक आणि खासगी बसगाड्यांनी भरलेला असतो. त्यावर थांब्यांच्या सोयी अपुऱ्या असल्याची तक्रार सुरुवातीपासून होत आली आहे आणि तिच्या उत्तरात उपाहारगृहे मोजून दाखवली जातात. मोजायला हवे ते वेगळेच: चालकाला गाडी सुरक्षित उभी करून अर्धा तास आडवे होता येईल अशा जागा किती, आणि तसे थांबल्याबद्दल मालक त्याचा पगार कापणार नाही अशी तरतूद कुठे आहे.